रडून भिजवलेला कापूस

दसरा झाला की आमच्या रस्त्याच्या बाभळींना कापूस लागतो. काट्याकाट्यावर पांढरे झुबके. भरलेल्या गाड्या खालून जाताना फांद्या त्यांना ओरबाडतात आणि आपापला वाटा काढून घेतात. आता बैलगाड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आले, ट्रॉलीवर जाळी बांधायची पद्धत आली, तरी बाभळी काही आपला हक्क सोडत नाहीत. परवा बोथच्या बाजारातून येताना जीपमध्ये बसल्या बसल्या ते झुबके दिसले आणि माझ्या तोंडात सरकीची चव आली. कडवट, तेलकट, दाढेखाली चिकटून राहणारी. कुणाला हंगाम वासानं आठवतो, कुणाला गाण्यानं. मला दातांनी आठवतो.

आणि आमच्या गावचे पटेल आठवतात. वय झालं की माणसं माफ करायला लागतात म्हणे. माझं अजून तेवढं वय झालेलं नाही.

माझं माहेर मुधोळचं, इथल्याच आदिलाबाद जिल्ह्यातलं. तिथं मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन या गावात आले. आमच्या ह्यांना बेल्लमपल्लीच्या कोळसाखाणीत काम होतं. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा घरी यायचे. नखांच्या कडेला काळी रेघ, ती साबणानं जात नसे. घर, बैल, पाच एकर कापसाची पऱ्हाटी आणि आमचा एकुलता एक दिगंबर, हे सगळं माझ्यावर. हे फार शांत माणूस. मी कुणाबद्दल तावातावानं सांगायला लागले की त्यांचं एकच उत्तर असायचं, ‘जाऊ दे.’ खाणीत एवढ्या खोल उतरणाऱ्या माणसाला वर आल्यावर भांडायची हौस उरत नसेल, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र त्या ‘जाऊ दे’चा मला फार संताप यायचा.

वेचणीचं काम दिसायला सोपं. पहाटेच्या दवात शेतात शिरलं की लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं, आणि ऊन चढलं की तेच वाळून पोटऱ्यांना घासतं. बोंडाच्या वाळक्या पाकळ्या नखाखाली शिरतात. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात चालू, तोंडही चालू. बायका वेचताना गावातल्या कुणालाच सोडत नाहीत. ओटी भरली की छातीखाली एक ऊबदार ओझं लोंबतं, आणि ज्या बाईनं पोर पोटात वाढवलंय तिला ते ओझं ओळखीचं वाटतं. दिगू लहान असताना कापसाच्या ढिगावर झोपायचा. त्याला उचलून घेतलं की केसांत, भुवयांत, कानांत कापूस. न्हाऊ घातलं तरी रात्री उशीवर एखादा तंतू सापडायचा.

पहिल्या वेचणीआधी आमच्याकडं सीतादही करतात. पऱ्हाटीच्या पाच झाडांना हळदकुंकू लावायचं, दहीभात शिंपडायचा आणि भरभरून पिकू दे म्हणून देवीला हात जोडायचे. मीही जोडायचे. पण एका वर्षीच्या प्रकारानंतर माझं मागणं बदललं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

त्या आधी गावाचा सगळा कापूस पटेलांच्या दारात जायचा. पटेलांनी मोजायचा, पटेलांनी भाव ठरवायचा, आणि पटेलांच्या गाड्यांतून तो सरकारी खरेदी केंद्रावर पटेलांचा म्हणून उतरायचा. सरकारनं त्यांची पटेलकी, म्हणजे गावची पाटीलकी, काढून घेतली होती, पण नावापुढचं ‘साब’ काढून घ्यायला सरकारकडं काही इलाज नव्हता. त्या वर्षी मी ठरवलं, आपला कापूस आपण न्यायचा. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, ‘ने ना. फक्त कोरडा ने. मंग कोणी काई म्हणो.’

कोरडा का, ते सांगायला हवं. कापसावर पाणी मारलं की वजन चढतं. कडुनिंबाची डहाळी बादलीत बुडवून पहाटे गंजीवर झटकायची, वरून कोरडा थर द्यायचा. जो तो करायचा आणि मी नाही केलं म्हणायचा. आमच्या घरात मात्र ते चालत नसे. हे आपल्या खाणीतून येऊन दाराआडच्या ढिगात हात घालून बघायचे.

मी गाडी भरली. दहा वर्षांच्या दिगूनं उड्या मारमारून कापूस तुडवला, आणि आम्ही दोघं वर बसून निघालो. सालदार बैल हाकत होता. पटेलांच्या दारावरून जाताना मी पदर सावरला नाही, मुद्दामच.

केंद्राच्या आवारात गाड्यांची रांग होती. कापूस बघणारे साहेब तेलुगू बोलणारे. त्यांनी कोपरापर्यंत हात खुपसला, मूठभर काढला, नीट बघितलासुद्धा नाही आणि हमालाला ओरडून म्हणाले, ‘तडी! पक्कन पेट्टु!’ दिगू बोथच्या तेलुगू शाळेत जायचा. त्यानं हळूच सांगितलं, ‘माय, ओला म्हणून राह्यले. बाजूला लाव म्हणते.’

ओला! सात दिवस उन्हात उलथापालथा केलेला कापूस. मी खाली उडी मारली. मुठीत धरून दाबला, मूठ उघडली, तो टुणकन फुलून वर आला. ओला कापूस असा उसळत नाही, दबून बसतो. मग सरकी काढली, दातांत धरली आणि फोडली. कोरडी सरकी कट वाजते, ओली नुसती चेपते. ‘ऐका साब, कट वाजते! हे दुसरी ऐका!’ एकामागून एक अशा किती सरक्या मी फोडल्या कोण जाणे. हिरड्यांतून रक्त आलं. साहेब पुढच्या गाडीकडं निघून गेले होते.

पुढची गाडी पटेलांची. तिच्यावर पाणी मारताना अर्ध्या गावानं बघितलं होतं. ती पहिल्या नंबरात पास झाली. पटेल उपरण्यानं मान पुसत माझ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, ‘मर्द खाणीत अन् बाई मंडीत. हिनं रडून भिजवला असंन कापूस!’

सगळं आवार हसलं. हमाल हसले, गाडीवाले हसले, ज्यांच्या बायका माझ्यासोबत वेचायला यायच्या तेही हसले. दिगू गाडीवर उभा होता, तो कुणाकडंच बघत नव्हता. मी रडले नाही. बाजूला लावलेला कापूस वाळवून दाखवल्याशिवाय घेत नसत, म्हणून दोन दिवस त्या आवारात ताडपत्री अंथरून मी कोरडा कापूस वाळवत बसले. कोरड्या वस्तूला वाळवताना काय वाटतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

त्यानंतर दर वर्षी सीतादहीला मी हात जोडून एकच म्हणायचे. पीक दे नको देऊ, पटेलाची गाडी एकदा बाजूला लागू दे. माझ्या डोळ्यादेखत लागू दे. देवीपुढं असं मागू नये, हे मला कळत होतं.

पुढं अकरा वर्षं गेली. दिगू आदिलाबादला कॉलेजात गेला, वसतिगृहात राहिला, आमटीचं पाणी पिऊन बी.एस्सी. झाला. सुट्टीत घरी आला की कापसाच्या ढिगापाशी बसायचा, तंतू दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, सरकी दाताखाली घालायचा. ही सवय माझी. एके दिवशी पोस्टमननं लांब लिफाफा आणून दिला. पत्र इंग्रजीत होतं. दिगूनं ते उभ्या उभ्या वाचलं आणि खाली बसला. ‘माय, नौकरी लागली. कापूस पाहाची. ग्रेडर म्हणून.’

आयांना अशा वेळी काय वाटतं ते मी पुष्कळ ऐकलं आहे. डोळे भरून येतात, देवापुढं साखर ठेवतात, लेकरू तिथं काय खाईल, कुठं निजेल याची काळजी लागते. मला यातलं काही झालं नाही. मला पटेलांची गाडी दिसली. आवारातून बाजूला निघालेली, बैल मान फिरवताहेत, पटेल उपरणं हातात धरून उभे. पोटात असं गरम गरम वाटलं, जसं बाळंतपणानंतर पहिल्यांदा त्याला कुशीत घेतलं तेव्हा वाटलं होतं. आता हे लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा नाही वाटली, हेही लिहिलं पाहिजे. त्या दिवशी मी दिगूला ‘जेवलास का’ एवढंसुद्धा विचारलं नाही.

बोथहून पेढे आणले आणि पहिला पुडा पटेलांच्या घरी स्वतः घेऊन गेले. पटेल ओसरीवर बसले होते. पेढा तोंडात टाकून म्हणाले, ‘लागली का नौकरी? बेस झालं. कशाची म्हणता?’

‘कापूस पाहाची,’ मी म्हणाले.

पटेलांचं चावणं थांबलं. तो पेढा त्यांनी कसा गिळला ते मी उभं राहून पाहिलं आणि मगच घरी आले.

दिगू शिकायला दोन महिने बाहेर होता. माणसं कमी म्हणून पहिलाच हंगाम त्याला आमच्या केंद्रावर दिला. मी म्हटलं, देवीनं ऐकलं. दिगू घरी आला. दुसऱ्या दिवशी भाकरी खाता खाता म्हणाला, ‘माय, यंदा आपली गाडी दुसऱ्या केंद्रावर ने.’

‘काऊन?’

‘लोक बोलतीन.’

‘बोलू दे. मी तुह्याच केंद्रावर येतो.’

त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, ‘ये मंग. पण कोरडा आण.’

आणि मी काय केलं? गाडी न्यायच्या दिवशी पहाटे उठून बादली भरली. कडुनिंबाची डहाळी तोडली. आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या कापसावर पाणी मारलं. लोभानं नाही, शप्पथ घेऊन सांगते. मला हिशेब उलटा करायचा होता. माझा कोरडा कापूस सगळ्यांसमोर ओला ठरला होता ना? तर आता माझा ओला कापूस सगळ्यांसमोर कोरडा ठरू दे. पटेलाच्या तोंडासमोर ठरू दे. पाणी झटकताना माझा हात इतका हलका चालत होता की मी गुणगुणत होते. हे बेल्लमपल्लीला होते, नाहीतर त्यांनी ढिगात हात घातला असता.

केंद्रावर रांग लागली होती. गावात बातमी होती, त्यामुळं सगळे जरा लवकरच आले होते. माझ्या मागंच पटेलांच्या दोन गाड्या. दिगू नव्या सदऱ्यात, केसांत कापूस, अगदी लहानपणीसारखा. क्षणभर मला त्याला न्हाऊ घालावंसं वाटलं.

तो माझ्या गाडीपाशी आला. माझ्याकडं बघितलं नाही. बाही वर सारून कोपरापर्यंत हात घातला, वरचा कोरडा थर ओलांडून खाली. मूठभर काढला, दाबला, मूठ उघडली. कापूस तळहातावर तसाच दबून बसला. मग त्यानं सरकी काढली आणि दातांत धरली. मला वाटतं त्या वेळी बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले असतील. आवाज आला नाही. त्यानं दुसरी घेतली. तीही नुसती चेपली. त्यानं ती थुंकली, हमालाकडं वळला आणि म्हणाला, ‘तडी.’ कुंपणाकडं बोट केलं. ‘पक्कन पेट्टु.’

अकरा वर्षांनी तेच शब्द, माझ्या पोटच्या पोराच्या तोंडून. कुणी हसलं नाही, पण मागून पटेलांचा आवाज आला, ‘काऊन दिगूची माय, यंदाही रडल्या का काय?’

म्हणजे त्यांनाही आठवत होतं. मला वाटायचं, ज्याला लागतं तोच लक्षात ठेवतो. तसं नाही. मारणारासुद्धा आपला नेम जपून ठेवतो.

माझी गाडी ओढून कुंपणापाशी नेली. दिगू पटेलांच्या गाडीशी गेला. हात घातला, मूठ दाबली, सरकी फोडली. फोडली कसली, चेपली.

‘तडी. पक्कन पेट्टु.’

पटेल पुढं आले. ‘ए पोरा, माणूस पाहून बोलत जा.’

दिगूनं आवाज चढवला नाही. ‘पटेलसाब, तिथं माह्या मायची गाडी हाय. तिच्या बाजूला लावा.’

आता पटेलांनी काय म्हणावं? वशिला म्हणावा, तर ग्रेडरच्या आईचीच गाडी कुंपणाला लागलेली. अन्याय म्हणावा, तर त्यांची सरकी सगळ्यांसमोर चेपली होती. दुसरी गाडी बघितली, तीही तशीच. त्यांच्या मागच्या सात गाड्याही बाजूला लागल्या. पटेल उपरणं हातात धरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. अगदी जसे मी अकरा वर्षं बघत आले होते तसे.

मी विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं विचारलं, ‘काऊन पटेलसाब, तुमी कवा रडले?’

आवार हसलं. तेच आवार. काही माणसंसुद्धा तीच. ते हसू मी कानानं नाही, अंगभर ऐकलं. गोड लागलं का? फार गोड लागलं. खोटं कशाला सांगू?

पण दिगूशी मी बोलले नाही. दुपारी तो चहा घेऊन आला, मी तोंड फिरवलं. तो माझ्या ताडपत्रीच्या कडेला उकिडवा बसला. मीच शेवटी न राहवून म्हणाले, ‘पटेलाची लावता यावी म्हणून माही पहिले लावली का तू? सांग खरं.’

‘नाई माय. ओला होता.’

‘तेवढंच?’

‘तेवढंच.’ आणि कप माझ्यापाशी ठेवून तो रांगेकडं निघून गेला. आज त्याच्या नोकरीला चार वर्षं होतील, केंद्रं बदलली, तो आता लांब आहे. मी दर सुट्टीत एकदा हा प्रश्न विचारते आणि दर वेळी तेच उत्तर येतं. माझ्यासाठी केलं असं त्यानं एकदा तरी म्हणावं, अशी माझी फार इच्छा आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. हे बसमधून उतरून घरी न जाता थेट आवारात आले. गावात शिरण्याआधीच कुणीतरी सांगितलं असणार. मी सगळं घडाघडा ओकले. साऱ्या जगासमोर पोटच्या पोरानं आईची गाडी बाजूला लावली, असं कधी कुणी ऐकलं का, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

‘कापूस ओला होता का?’

‘होता.’

‘मंग?’

मी ‘जाऊ दे’ची वाट बघत होते. ते म्हणालेच नाहीत. पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली आणि ताडपत्रीवर बसून कापूस उलटायला लागले. पांढऱ्या कापसात त्यांची काळ्या कडांची नखं दिवसभर वरखाली होत होती. मी समोर बसून तेच बघत होते.

शेजारच्या ताडपत्रीवर पटेल. पहिल्या दिवशी त्यांनी गड्यांना बसवलं होतं. गडी चुकारपणा करतात म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतः बसले. उन्हानं त्यांची मान लाल झाली होती. त्यांना कापूस कसा उलटायचा तेही येत नव्हतं, वरचाच थर इकडून तिकडं करत होते. मला दिसत होतं की खालचा वाळणार नाही. मी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दिगू पुन्हा आला. माझ्या ढिगात खालपर्यंत हात घातला, मूठ दाबली, कापूस उसळून वर आला. सरकी दातांत धरली.

कट.

तो आवाज कुंपणापर्यंत ऐकू गेला असेल. निदान मला तसं वाटलं. ‘पहिला नंबर,’ दिगू म्हणाला. मग तो पटेलांच्या ढिगाकडं वळला. तिथं कट वाजलं नाही. पटेलांना आणखी एक दिवस बसावं लागलं.

माझा कापूस वजनकाट्याकडं निघाला. मी पदराला चिकटलेले तंतू झटकत होते, हे बाजूला उभे राहून अवघडलेली पाठ चेपत होते. पटेल ताडपत्रीवरून बघत होते, आधी दिगूकडं, मग माझ्याकडं. शेवटी म्हणाले, ‘एक विचारू का, दिगूची माय? हा पोरगा कोणावर गेला वो?’

‘माह्यावर,’ मी म्हणाले.

हे माझ्या शेजारीच उभे होते. दिगू ह्यांच्यावर गेला, हे मला त्या दोन दिवसांत कळून चुकलं होतं. पण पटेलाला सांगायची काही गरज नव्हती.